उचल घेण्याआधी कर्जाचा कागद मांडा



एरवी या पत्रकात आम्ही बोंडअळी, बीजप्रक्रिया, तुरीचे शेंडे खुडणे अशा गोष्टी सांगतो. या वेळी घरखर्चाविषयी आणि कर्जाविषयी बोलायचे आहे. शेतीखात्याच्या माणसाने आमच्या चुलीपर्यंत कशाला यावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो. बांधावर उभे राहून मी सांगतो की सोयाबीनला स्फुरद पेरणीबरोबरच द्या. समोरचा कास्तकार मान हलवतो. त्याला ते माझ्याआधी ठाऊक असते. अडते ते दुसरीकडेच. खत दुकानात असते, पैसा नसतो. मग उधारीवर मिळेल ते खत, मिळेल तेव्हा पडते. कापूस वेचला की तो त्याच दुकानदाराच्या काट्यावर, त्याच्या भावाने जातो. अशा घराला नवे वाण सांगून काय उपयोग? आधी कर्जाची गाठ सैल व्हायला हवी.

आपल्या जिल्ह्याची जमीन सगळीकडे सारखी नाही. गेवराई-माजलगावकडे कालवा पोचला, तिथे ऊस उभा राहिला. बालाघाटाच्या माथ्यावर पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या भागात मुरमाड जमीन आणि भरवशाचा नसलेला पाऊस. १९७२ च्या दुष्काळानंतर इथून ऊसतोडीला जाणारे वाढत गेले. आज दसरा-दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे गाड्या निघतात, त्यांत सर्वांत जास्त माणूस बीड जिल्ह्याचा असतो. तेव्हा इथल्या घरखर्चाचा हिशेब शेती आणि कोयता दोन्ही धरूनच करावा लागतो.

एका घराचा हिशेब

एक घर डोळ्यांसमोर आणा. हे घर कोणाचे नाही, आकडे समजण्यासाठी मांडले आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, ते याच पद्धतीने मांडा.

नवरा-बायको, दोन लेकरे, एक म्हातारी आई. तीन एकर जिरायत. दीड एकरात सोयाबीन ८ क्विंटल, ४,२०० च्या भावाने ३३,६०० रुपये. एकरभर कापूस ५ क्विंटल, ७,००० च्या भावाने ३५,००० रुपये. उरलेल्या अर्ध्या एकरात घरापुरती बाजरी. एकूण ६८,६०० आले, त्यातून बी, खत, औषध, नांगरट, वेचणी असे ३४,००० गेले. हाती ३४,६००. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून १२,०००. बोकडांचे १४,०००. जोडीने ऊस तोडून ८०,५०० (हा आकडा कसा आला ते पुढे सांगतो). वर्षाची जमा साधारण १ लाख ४१ हजार.

आता खर्च. किराणा महिन्याला ५,००० धरला तर वर्षाला ६०,०००. शाळा-कपडे २०,०००. लाइट, मोबाईल, येणे-जाणे १८,०००. दवाखाना १५,०००. सणवार आणि भावकीतल्या लग्नांचे आहेर १५,०००. एकूण १ लाख २८ हजार.

बघा, इथपर्यंत घर तोट्यात नाही. १३ हजार उरतात. मग तेच घर दर आषाढात मुकादमाच्या दारात का उभे राहते? कारण अजून एक खर्च लिहायचा राहिला. गावातल्या एकाकडून ५०,००० घेतलेत, शेकडा चारने. त्याचे व्याज महिन्याला २,०००, वर्षाला २४,०००. शिवाय बायकोच्या नावावर एका मायक्रोफायनान्स कंपनीचे ४०,०००, दोन वर्षांच्या मुदतीचे, वर्षाला २४ टक्क्यांनी. त्याचा हप्ता महिन्याला साधारण २,११५ रुपये, वर्षाला २५ हजारांवर. दोन्ही मिळून ४९ हजार. आता मात्र घर ३६ हजारांनी खाली गेले.

आपण म्हणतो, खर्च फार वाढला, लेकरांची हौस वाढली, चहापाणी वाढले. थोडे असेलही. पण या घरात पाच माणसांखेरीज एक सहावा जेवतो आहे आणि तो लेकरांच्या शाळा-कपड्यांहून दुपटीने जास्त खातो. किराण्यात कितीही काटकसर केली तरी त्याचे पोट भरत नाही. म्हणून कर्ज निस्तरायचे म्हणजे आधी पोटाला चिमटा काढायचा, असे मी सांगणार नाही. सर्वांत महाग कर्ज आधी घराबाहेर काढायचे, मग बाकीचे.

शेकडा म्हणजे किती?

गावात व्याज महिन्याच्या बोलीने ठरते आणि बँकेत वर्षाच्या. इथेच फसगत होते. "सावकाराचा शेकडा चार आणि सोसायटीचे सात टक्के, म्हणजे सावकारच स्वस्त की!" असे बोलणारे भेटतात. गमतीने बोलतात, पण मनात कुठेतरी ते खरे धरलेले असते. शेकडा चार म्हणजे दर महिन्याला शंभराला चार, वर्षाला ४८ रुपये. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६०. बँकेचे सात टक्के महिन्याच्या बोलीत आणले तर शंभराला फक्त ५८ पैसे होतात. त्यातही पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. एकीकडे वर्षाला ४८, दुसरीकडे शून्य. मधले अंतर फक्त मुदत पाळण्याचे आहे.

म्हणूनच पीककर्ज थकू देणे हा सगळ्यांत महागडा सौदा. ५०-६० हजारांचे पीककर्ज थकले की शून्य टक्क्याचे दार बंद होते, बी-खत उधारीवर येते, आणि उधारीचा दर दुकानदार बोलत नाही, बिलात घालतो. पाच हजार कमी पडत असतील तर त्यासाठी पीककर्ज थकवू नका, दुसरीकडून आणून भरा. शेवटची तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लिहून घ्या, तोंडी नको. दोन-चार दिवसांनी वर्षाची सवलत गेलेली घरे पुष्कळ आहेत. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरगुती गरजेसाठी १० टक्के रक्कम धरलेली असते, हेही पुष्कळांना माहीत नसते. पण पूर्ण पीककर्ज काढून लग्नाचा मांडव घालायचा, हे मात्र करू नका. पेरणीला पुन्हा हात पसरावा लागतो.

कागद कसा मांडावा?

लेकराच्या वहीचे एक पान घ्या. त्यावर प्रत्येक देणे एका ओळीत लिहा. कोणाचे, कधी घेतले, मुद्दल किती, शेकडा किती, आजवर भरले किती, तारण काय दिले, पुढची तारीख कोणती. शेकडा नीट ठाऊक नसेल तर एका महिन्याला किती रुपये द्यावे लागतात तेवढे लिहा.

हे काम नवरा-बायकोने एकत्र बसूनच करावे. हे मी रीत म्हणून सांगत नाही. बहुतेक घरांत निम्मे कर्ज एकाला ठाऊक असते आणि निम्मे दुसऱ्याला. गटातून काढलेले पाच हजार बाईने सांगितलेले नसतात, मुकादमाकडून वर घेतलेले दहा हजार बाप्याने सांगितलेले नसतात, आणि मोबाईलवरच्या ॲपमधून कॉलेजातल्या पोराने उचललेले कोणालाच माहीत नसतात. किराणा दुकानाची वही, कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याचे हातउसने, मोटारसायकलीचा राहिलेला हप्ता, सगळे लिहा. पहिल्या दिवशी घरात थोडी कुरबुर होईल. होऊ द्या.

मग महिन्याच्या शेकड्याप्रमाणे ओळी लावा. सर्वांत वर महाग, सर्वांत खाली स्वस्त. रक्कम मोठी म्हणून ते कर्ज आधी, असे नाही. माणूस घरी येऊन मोठ्याने बोलतो म्हणून त्याचे आधी, असेही नाही. जिथे जमीन अडकली आहे त्या ओळीवर मात्र खूण करा, तिचे पुढे बघू.

आपल्या त्या घरात वरची ओळ शेकडा चारच्या ५० हजारांची. ती कशी मिटवायची? महिन्याला हजार-दोन हजार जास्त देऊन मिटत नाही, कारण असे सावकार मुद्दल तुकड्यातुकड्याने घेतच नाहीत. "मुद्दल एकदम दे, नाहीतर व्याज चालू दे," असे म्हणतात. मुद्दल तसेच राहावे यातच त्यांचा फायदा. म्हणून एकदम ५० हजार उभे करावे लागतात. समजा, त्या घरात दोन वर्षांपूर्वी घेतलेली मोटारसायकल आहे. ती विकून २५,००० आले. उरलेल्या २५,००० साठी बायकोची पोत किंवा पाटल्या बँकेत ठेवल्या, वर्षाला १० टक्के धरले तर व्याज २,५००. सावकाराचे २४,००० गेले, बँकेचे २,५०० आले, वर्षाला २१,५०० वाचले. ३६ हजारांचा खड्डा पंधरा हजारांच्या आत आला. आहेर १५ हजारांवरून ८ हजारांवर आणले आणि किराणा आठवड्याच्या उधारीऐवजी महिन्यातून एकदा तालुक्याहून रोखीने भरून महिन्याला पाचशे वाचवले, तर आणखी १३ हजार. उरले हजार-दोन हजारांचे अंतर, ते दोन कोंबड्या जास्त पाळूनही निघते. मायक्रोफायनान्सचे कर्ज मुदत संपली की आपोआप सुटते आणि वर्षाला २५ हजार मोकळे होतात. त्यातून बँकेतले सोने सोडवायचे.

कागदावर हे सोपे दिसते. मोटारसायकल विकणे सोपे नाही. दारातली गाडी गेली की चार जण विचारतात, "काय राव, वाईट दिवस आले का?" माझे मत विचाराल तर त्या चौघांना महिन्याला दोन हजार द्यावे लागत नाहीत, तुम्हाला लागतात. बैलजोडी, दुभते जनावर, शेळ्यांचे मूळ खुंट मात्र विकू नका. जे कमावते ते ठेवावे, जे नुसते उभे आहे ते विकावे.

महिला बचत गट असेल तर सोने ठेवण्याआधी तिथे विचारा. गटातले अंतर्गत कर्ज साधारण शेकडा एक ते दोनने मिळते. 'उमेद'च्या गटांना बँकेकडून ३ लाखांपर्यंत वर्षाला सात टक्क्यांनी कर्ज मिळण्याची सोय आहे. मायक्रोफायनान्स कंपनीचे कर्ज आणि गटाचे कर्ज एक नव्हे, हे ध्यानात घ्या. दोन्हीकडे बाया गोलात बसतात म्हणून गल्लत होते. कंपनीचे कर्ज फिटत आले की साहेब म्हणतो, "ताई, आता साठ हजार देतो." तिथे थांबा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून नियम केला आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही.

सावकार आणि जमीन

आता त्या खूण केलेल्या ओळीबद्दल. आपल्याकडे सावकाराला जमीन 'गहाण' म्हणून बोलतात, पण निबंधक कचेरीत सही मात्र खरेदीखतावर होते. "पैसे दिले की उलटून देतो," असा तोंडी शब्द असतो. पाच वर्षांनी सातबारा काढला तर नाव दुसऱ्याचे निघते. तेव्हा कितीही निकड असो, कर्जासाठी खरेदीखत करून देऊ नका. कोऱ्या बाँडवर सही नको, कोरा चेकही नको. चेक वटला नाही तर प्रकरण फौजदारी कोर्टात जाते.

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली आला. त्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारण ठेवून दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण कर्जावर १२ टक्के, असे कमाल दर ठरवले गेले. म्हणजे महिन्याला शेकडा पाऊण ते एक. गावातला शेकडा चार-पाच कायद्यात कुठेच बसत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा जुना दामदुपटीचा नियमही आहे. शेकडा चारने २५ महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज भरून होते, आणि आपण तर पाच-पाच वर्षे भरतो. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. तालुक्याला सहायक निबंधकाची कचेरी आहे, तिथेही अर्ज घेतात. व्याज दिल्याचा काही पुरावा हवा, म्हणून पैसे शक्यतो बँकेतून द्या, नाहीतर दोन माणसांसमोर द्या आणि तारीख लिहून ठेवा.

जमीन अडकलेली नसेल तर मात्र माझा सल्ला असा की आधी समजुतीने मिटवून पाहा. गावात राहायचे आहे, रात्री-अपरात्री त्याच्याच जीपने दवाखान्यात जायचे असते. कायदा ठाऊक असला की बोलणीही सरळ होतात.

उचलीचे गणित

उचलीला व्याज नाही, म्हणून ती कर्ज नव्हे, असे पुष्कळांना वाटते. तिचे व्याज अंगमेहनतीने द्यावे लागते, एवढाच फरक. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला सुमारे ३६६ रुपये दर झाला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये. हंगाम १२० दिवसांचा धरला, पण दहा दिवस आजारपण, पाऊस, कारखाना बंद यांत जातातच. उरले ११० दिवस, मजुरी ८०,५२०. वर हिशेबात धरले ते हेच. आता कोपीवर जगायला पंधरवड्याची खर्ची घ्यावी लागते. ती दर वेळी दोन हजार धरली तरी आठ वेळांचे १६,००० उचलीत चढतात. ८०,५२० मधून १६,००० वजा केले की ६४,५२०. म्हणजे या जोडीने घ्यायची उचल जास्तीत जास्त ६० हजार. मुकादम एक लाख द्यायला तयार असतो. लाख घेतले तर हंगामाच्या शेवटी ३५ हजारांवर बाकी राहते आणि पुढचा हंगाम आजच विकला जातो. काही ठिकाणी या बाकीवर व्याजही लावतात. मुकादम आणि कारखाना बदलायचा तुमचा हक्कही त्या बाकीतच अडकतो.

तेव्हा उचल किती 'मिळते' हे विचारू नका, किती 'फिटते' हे आधी काढा. टन किती, दर किती, दिवस किती, खर्ची किती, हा चार आकड्यांचा हिशेब घरी करून मगच मुकादमाच्या दारात जा. रक्कम लिहून घ्या, तोडलेल्या टनाच्या पावत्या जपा, खाड्याचा दंड किती ते आधी ठरवून घ्या. ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र काढा. लेकरांना कोपीवर नेण्याऐवजी हंगामी वसतिगृह किंवा संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे का, याची चौकशी करा.

उचल घेतलीच तर ती कशात जाते हेही महत्त्वाचे. शेकडा चारचे कर्ज मिटवण्यात गेली तर ठीक, वर्षाचे व्याज तरी बंद होते. लग्नात गेली तर हंगामभराचे घाम दोन दिवसांच्या पंगतीत गेले. पोरीचे लग्न लवकर उरकले की तिकडे जोडीचा कोयता होतो, उचल जास्त मिळते, असा विचार करणारेही आहेत. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा तर आहेच, पण त्यातून दोन घरांवर कर्ज बसते आणि लेकीच्या अंगावर कोवळ्या वयात कष्ट. सामुदायिक विवाहात लग्न लावा, त्याला शासनाचे अनुदानही आहे.

दवाखान्याचे तसेच. खाड्याच्या भीतीने बाया दुखणे अंगावर काढतात, मग एकदम खासगी दवाखान्यात मोठा खर्च होतो आणि त्यासाठी पुन्हा उचल. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा वाचून सोडून देऊ नका. कोणी पिशवी काढायला सांगितली तर आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ठरलेल्या आजारांवर वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा. भरल्यावर भेटून फारसे काही होत नाही.

माल विकताना

दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचे सोयाबीन एकदम बाजारात येते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, तरी निकडीपोटी पुष्कळांनी त्याखाली विकले. निकडच असेल तर सगळा माल विकू नका. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, वर्षाला ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. आपल्या घराच्या ८ क्विंटलवर २५ हजारांच्या आसपास मिळतील आणि तीन महिन्यांचे व्याज चारशेच्या आतच राहील. एक इशारा मात्र देतो. ठेवलेल्या मालाला भाव चढेलच असे नाही. २०२१ च्या तेजीनंतर आणखी भाव येईल म्हणून घरात ठेवलेले सोयाबीन पुढे पुष्कळांना खालच्या भावाने विकावे लागले. म्हणून निम्मा विकावा, निम्मा ठेवावा. बालाघाटातले सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची आवक दसऱ्याच्या आसपास असते. त्याचा पैसा त्याच महिन्याच्या हप्त्याला ठेवला तर उधारी वाढत नाही.

जे हातात नाही ते जमेच्या बाजूला लिहू नका. कर्जमाफी २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. पुढच्या माफीची चर्चा नेहमीच असते. माफी आली तर आनंदच, पण तिच्या आशेवर पीककर्ज थकवणाऱ्याने मधल्या वर्षांत सावकाराला किती व्याज भरले ते काढून पाहावे. पीकविम्याचेही तेच. एक रुपयात विम्याची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हिस्सा आपल्याला भरावा लागतो. विमा उतरवा, पण त्याचे पैसे आल्यावरच मोजा. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेकाठी झाली तशी अतिवृष्टी झाली, तर पंचनामा झाल्याची खात्री करा आणि बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारा. पुनर्गठन झाले की हप्ते लांबतात, पण शून्य टक्क्याची सवलत राहत नाही, हे समजून सही करा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. कर्जाने माणूस गप्प होतो, जेवण सोडतो, रात्री अंगणात बसून राहतो. असे दिसले तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. फोन त्याने लावला नाही तर तुम्ही लावा. कर्जाचा कागद अशा माणसासमोर एकट्याने टाकू नका, शेजारी बसून मांडा. बहुतेक वेळा मनात धरलेला आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

कागद मांडायला चांगली वेळ म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागे-पुढे. टोळ्या परत आलेल्या असतात, मागचा हंगाम फिटला की नाही ते कळलेले असते आणि नवी उचल अजून घेतलेली नसते. पोळ्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा तोच कागद पुन्हा काढा. एखादे देणे मिटले की पावती घ्या, दिलेला चेक आणि बाँड मोजून परत घ्या, गहाणाचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर तलाठ्याकडून तो उतरवून घ्या. मिटलेल्या कर्जाचे कागद फाडू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याबरोबर ठेवा.